‘डबल इन्डेम्निटी’च्या पाच वर्षं आधी प्रभातने काळोख रंगवला होता, आणि त्यातला पोलीस नगरचा होता

काळापांढरा पडदा. रात्रीची वेळ. खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर पडलेली, तीच सावली हॅट घातलेल्या एका माणसाच्या तोंडावरही. तो सिगारेट पेटवतो. समोर एक देखणी बाई, जिच्यावर भरवसा ठेवू नये हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही कळतंय. तरी तो ठेवतो. पुढच्या दीड तासात त्याचं वाटोळं होतं.

हे चित्र तुम्ही रील्समध्ये, मीम्समध्ये, जाहिरातींमध्ये शंभर वेळा पाहिलं असेल. या प्रकाराला म्हणतात फिल्म न्वार. न्वार हा फ्रेंच शब्द, अर्थ काळा. काहीजण नॉयर म्हणतात, कुणी अडवत नाही.

आता हॉलिवूडच्या या प्रकाराचा आणि आपल्या नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा काय संबंध? तर संबंध असा आहे की काळोखात अडकलेल्या पोलिसाच्या दोन मोठ्या गोष्टी आपल्याकडे पडद्यावर आल्या. एक १९३९ साली, दुसरी १९८३ साली. पहिल्या गोष्टीतला पोलीस नगरचा होता. दुसऱ्या गोष्टीत पोलिसाला संपवणारा गुंड नगरचा होता. पहिले शाहू मोडक, दुसरे सदाशिव अमरापूरकर.

पण आधी न्वार म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

एक दिवा काढून टाकला

सिनेमात माणसाच्या चेहऱ्यावर साधारण तीन बाजूंनी प्रकाश टाकतात. एक मुख्य दिवा समोरून किंवा जरा कडेने. त्याने पडलेल्या सावल्या भरून काढायला दुसरा, सौम्य दिवा. आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटा दिसावा म्हणून पाठीमागून तिसरा. जुन्या हॉलिवूडमध्ये हिरॉईनचा चेहरा चंद्रासारखा दिसायचा तो या दुसऱ्या दिव्याच्या जोरावर.

न्वारवाल्यांनी हा दुसरा दिवाच बंद केला किंवा अगदी मंद केला. झालं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. खोलीचे कोपरे गायब. जिन्याचे कठडे भिंतीवर तुरुंगाच्या गजांसारखे उमटायला लागले. माणूस खरं बोलतोय की खोटं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेनासं झालं. गोष्टीही तशाच आल्या. शहर, रात्र, पैसा, खून आणि चुकीच्या माणसावर जडलेलं प्रेम.

या प्रकाराचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण म्हणजे १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’. वॉल्टर नेफ हा विमा एजंट आणि फिलिस ही त्याच्या गिऱ्हाइकाची बायको. दोघं मिळून तिच्या नवऱ्याचा काटा काढतात आणि तो रेल्वेतून पडून मेला असं भासवतात, कारण अशा अपघाती मृत्यूला विम्याची रक्कम दुप्पट मिळते. सिनेमाचं नाव त्यावरूनच आलं. सुरुवातीलाच वॉल्टर जखमी अवस्थेत ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर कबुली देतो. म्हणजे शेवट पहिल्या पाच मिनिटांतच कळलेला असतो, तरी माणूस खुर्चीतून उठत नाही. तिथेच त्याची ताकद आहे.

दिग्दर्शक बिली वाइल्डर. कथा जेम्स केन यांची, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांची. या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, पण पटकथा अशी उतरली की आजही सिनेमाच्या शाळांत ती शिकवतात. कॅमेरामन जॉन साइट्झ यांनी बंद घरातला धुरळा दिसावा म्हणून ॲल्युमिनियमचा बारीक चुरा हवेत उडवला होता, असं सांगतात. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, हाताला एकही लागलं नाही.

गंमत म्हणजे हे लोक सिनेमे काढत होते तेव्हा आपण न्वार काढतोय हे त्यांना माहीतच नव्हतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर युद्धकाळातले अमेरिकन सिनेमे एकगठ्ठा पॅरिसला पोचले. ते बघून नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली त्यांना फिल्म न्वार म्हटलं. पुढे तेच नाव जगभर चिकटलं.

सावली आली कुठून? तर जर्मनीतून

हा काळोख हॉलिवूडने शोधलेला नाही. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीत विसाच्या दशकात सिनेमा फार विचित्र दिसायला लागला होता. १९२० सालच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कालिगारी’मध्ये घरं वाकडी, रस्ते तिरके आणि सावल्या चक्क रंगाने सेटवर काढलेल्या. माणसाच्या मनात जे चाललंय ते भिंतींवर दिसलं पाहिजे, असा हा हट्ट. याला एक्स्प्रेशनिझम म्हणतात. आपण त्याला मनातलं बाहेर काढणं म्हणू.

१९३३ला हिटलर सत्तेवर आला आणि बर्लिनच्या स्टुडिओंत काम करणारे कितीतरी लोक, विशेषतः ज्यू, देश सोडून पळाले. बिली वाइल्डर त्यातलेच. फ्रिट्झ लांगही गेले, रॉबर्ट सिओडमाकही. फिरत फिरत हे सगळे हॉलिवूडला पोचले आणि तिथल्या गुन्हेगारी गोष्टींवर त्यांनी बर्लिनची सावली टाकली. त्यात युद्धामुळे अमेरिकेत नव्या सेटच्या सामानावरच्या खर्चाला मर्यादा आली होती. सेट अपुरा असला तर काळोख फार उपयोगी पडतो, हे कुठल्याही नाटकवाल्याला विचारा.

आता जरा पुण्याला येऊ.

त्याच १९३३ साली व्ही. शांताराम जर्मनीत होते. प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ रंगीत करायचं ठरवलं होतं आणि त्याचं रंगकाम जर्मनीत करायचं होतं. रंग काही मनासारखे आले नाहीत. पण शांतारामांनी तिथला सिनेमा डोळे उघडे ठेवून पाहिला. परतल्यावर कोल्हापूर सोडून पुण्यात आलेल्या प्रभातने पहिला सिनेमा काढला तो १९३४चा ‘अमृतमंथन’. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा अख्ख्या पडद्यावर येतो. टेलिफोटो लेन्स वापरून घेतलेला तो शॉट बघून लोक दचकले होते. सावल्या, मशाली, खालून लावलेला कॅमेरा, सगळं त्यात होतं.

म्हणजे एकाच विहिरीचं पाणी दोन पाटांनी गेलं. एक पाट वाइल्डर आणि लांग यांच्याबरोबर कॅलिफोर्नियाला, दुसरा शांतारामांबरोबर पुण्याला. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढचं वाचून कुणीतरी ‘हॉलिवूडने मराठी सिनेमाची कॉपी मारली’ अशी पोस्ट टाकणार. तसं काही झालेलं नाही. कॅलिफोर्नियात बसलेल्या वाइल्डर यांनी प्रभातचा सिनेमा बघून काही उचललं, असं म्हणायला कुठलाही आधार नाही. फ्रान्समध्येही १९३९ सालीच मार्सेल कार्ने यांनी ‘ले जूर स लेव्ह’ नावाचा असाच काळा सिनेमा काढला. युद्धाच्या तोंडावर जगात बऱ्याच ठिकाणी हीच सावली पडत होती, त्यातली एक पुण्यात पडली.

‘माणूस’

१९३९. प्रभातने मराठीत ‘माणूस’ आणि हिंदीत ‘आदमी’ काढला. दिग्दर्शन शांतारामांचं, कॅमेरा व्ही. अवधूत यांचा, कथा ए. भास्करराव यांची, मराठी संवाद आणि गाणी अनंत काणेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं.

गोष्ट अशी. गणपत हा साधा पोलीस शिपाई. सरळमार्गी, आईचा लाडका. एका रात्री वेश्यावस्तीत धाड पडते आणि त्या गडबडीत तो मैना नावाच्या बाईला वाचवतो. कायद्याने तिला पकडायचं, आणि हा तिला सोडवतो. इथेच त्याचा पाय घसरला, असं न्वारच्या भाषेत म्हणता येईल. पुढे दोघं एकमेकांत गुंततात. तिने ते आयुष्य सोडावं म्हणून तो धडपडतो. तिला घरी, आईसमोर नेतो. आई तिला नाकारेल असं आपल्याला वाटतं, पण आई तिला पदरात घेते. आणि नेमकं तेच मैनेला सोसत नाही. आपण या घराच्या लायकीच्या नाही, हे तिच्या मनात इतकं खोल रुतलेलं असतं की ती तिथून निघून जाते. शेवटी तिच्या हातून तिच्याच नात्यातल्या एका नीच माणसाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते.

हे सगळं घडतं ते बहुतेक रात्री. दिव्याखालचे चेहरे, भिंतीवर माणसांहून मोठ्या झालेल्या सावल्या, खालून वर बघणारा कॅमेरा. मोठ्या शहराची खालची बाजू. कायद्याचा माणूस जो कायद्याबाहेरच्या बाईच्या प्रेमात पडलाय. खून. एकेक खूण जुळवत गेलं तर न्वारच्या यादीतल्या बहुतेक खुणांवर टिक होते. आणि ‘डबल इन्डेम्निटी’ यायला अजून पाच वर्षं होती, न्वार हे नाव पडायला सात.

सिनेमात विनोदही आहे, आणि तो बोचरा आहे. गणपत आणि मैना एके ठिकाणी सिनेमाचं शूटिंग बघतात, हिरो-हिरॉईन बागेत गात गात प्रेम करतायत. ही बॉम्बे टॉकीजच्या सिनेमांची चक्क टिंगल होती. समोर खोटं, गोड प्रेम आणि बघणारे दोघं असे की ज्यांना एकत्र राहायला जगात जागा नाही.

या टिंगलीला एक उपकथा जोडलेली आहे, जरा वळण घेऊन सांगतो. बॉम्बे टॉकीजचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग हे दोघेही जर्मन. म्हणजे मुंबईत खरे जर्मन गोड बागेतली प्रेमं चितारत होते आणि पुण्यातला मराठी दिग्दर्शक जर्मन सावल्या. ‘माणूस’ आला त्याच १९३९ साली युद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने भारतातल्या जर्मन नागरिकांना धरून छावण्यांत टाकलं. ऑस्टन आणि विर्शिंग दोघेही त्यात सापडले. अशी एक छावणी नगरलाही होती. तिबेटवरच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर याला सुरुवातीला नगरलाच आणून ठेवलं होतं. विर्शिंग युद्धानंतर पुन्हा कामाला लागले आणि १९४९ला त्यांनी ‘महल’ चित्रित केला. हिंदीतला सावल्यांचा पहिला मोठा हिट म्हणून आजही त्याचं नाव घेतात.

कृष्ण वेश्यावस्तीत कसा गेला?

आता गणपत झालेला माणूस बघा. शाहू मोडक. जन्म २५ एप्रिल १९१८, अहमदनगर. घर ख्रिस्ती.

नगरमध्ये ख्रिस्ती मराठी घरं म्हणजे काही नवल नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे काम सुरू केलं. कवी ना. वा. टिळक इथलेच झाले, आणि त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आजही लोक पारायणं केल्यासारखं वाचतात. टिळकांनी कीर्तन आणि भजन ख्रिस्ती देवळात आणलं होतं. अशा गावातला हा गोड गळ्याचा पोरगा.

१९३२ साली भालजी पेंढारकरांनी सरस्वती सिनेटोनसाठी ‘श्यामसुंदर’ काढला. कृष्ण म्हणून घेतला चौदा वर्षांच्या शाहूला, राधा झाली शांता आपटे. मुंबईच्या वेस्ट एंड थिएटरात हा सिनेमा पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. भारतातला पहिला रौप्यमहोत्सवी सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात. पुढच्याच वर्षी ‘आवारा शहजादा’मध्ये शाहूने डबल रोल केला, तोही आपल्या बोलपटांमधला पहिला म्हणून सांगितला जातो. मग कृष्णाच्या भूमिका मागे लागल्या त्या लागल्याच. एकूण २९ सिनेमांत ते कृष्ण झाले असं सांगतात. लोक त्यांना रस्त्यात नमस्कार करत असतील तर आश्चर्य वाटायला नको.

असा माणूस शांतारामांनी वेश्यावस्तीत धाडीवर पाठवला.

मला ही निवड सिनेमातल्या कुठल्याही सावलीपेक्षा हुशार वाटते. एखादा रांगडा, मिश्यांना पीळ देणारा नट घेतला असता तर गणपत मैनेच्या नादी लागला म्हणून प्रेक्षकांनी नाकं मुरडली असती. पण कृष्णाचा चेहरा? तो चुकणार नाही अशी खात्री घेऊनच माणूस थिएटरात शिरलेला. मग तो चेहरा हळूहळू काळोखात जाताना बघणं अवघड होतं. मोडक तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. चेहरा अजून पोरसवदा, गणवेश जरा मोठाच वाटावा असा.

आणि पुढचं ऐका. ‘माणूस’च्या पुढच्याच वर्षी, १९४० साली, प्रभातनेच ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन. ज्ञानेश्वर कोण? पुन्हा शाहू मोडक. ज्या जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला मुलगा पडद्यावर ज्ञानेश्वर झाला, तोही वर्षापूर्वी मैनेच्या प्रेमात पडलेला शिपाई असताना. कुणाला खटकलं नाही. आज अशी घोषणा झाली असती तर कमेंट सेक्शनचं काय झालं असतं, विचार करून बघा.

पण शेवट न्वारचा नाही

आता खरा प्रश्न. ‘माणूस’ला न्वार म्हणायचं का?

हॉलिवूडच्या न्वारमध्ये एक ठरलेली बाई असते. समीक्षक तिला फाम फताल म्हणतात, म्हणजे पुरुषाला नादी लावून बरबाद करणारी. ‘डबल इन्डेम्निटी’ची फिलिस अशीच. ती वॉल्टरला वापरते, तो वाहवत जातो, शेवटी दोघांचंही वाटोळं होतं. पुरुष पडतो, आणि पडण्याचं खापर बाईवर.

मैना बरोब्बर उलटी आहे. ती तुरुंगात जाणार हे नक्की झाल्यावर गणपत तिला पळून जाऊ द्यायला तयार होतो. म्हणजे नोकरी, इमान, आईचं नाव, सगळं पणाला लावतो. हॉलिवूडची बाई असती तर तिने दार उघडायच्या आत उडी मारली असती. मैना नाही म्हणते. त्याला पडू देत नाही. स्वतः गजाआड जाते, आणि गणपत पुन्हा गणवेशात उभा राहतो.

शांतारामांनी हे ठरवून केलं होतं. चार वर्षांपूर्वी, १९३५ला, प्रमथेश बरुआ यांचा ‘देवदास’ आला होता. हिंदीत सैगल. प्रेमात हरला, दारू प्याला, मेला, आणि देशभरातली तरुण पोरं त्यावर उसासे टाकत होती. शांतारामांना तो सूर पटत नव्हता. त्याला उत्तर म्हणून ‘माणूस’. ‘लाइफ इज फॉर लिव्हिंग’ ही त्याची इंग्रजीतली ओळखही तेच सांगते.

म्हणून माझं मत असं की ‘माणूस’ डोळ्यांनी न्वार आहे, मनाने नाही. काळोख सगळा आहे, पण काळोखापुढे हात टेकणं नाही. फक्त एक गोष्ट मला प्रत्येक वेळी टोचते. उत्तर देवदासला द्यायचं होतं, जगायचं पुरुषाने होतं, आणि त्याची किंमत मैनेने भरली. तिच्याशिवाय गणपत उभा राहतो हे सिनेमा आपल्याला आशा म्हणून दाखवतो. तुरुंगाच्या आत तिचं काय झालं, ते कॅमेरा बघायला जात नाही.

मैना झालेल्या शांता हुबळीकरांची गोष्टही जवळपास तशीच गेली. हुबळीजवळच्या अदरगुंचीत १९१४ साली जन्म, कानडी घर, गाण्याच्या जोरावर मराठी सिनेमात. मोडकांबरोबर आधी के. नारायण काळे यांच्या ‘माझा मुलगा’त, १९३८ला, आणि मग ‘माणूस’. त्यांचं ‘कशाला उद्याची बात’ हे गाणं, ज्याची कडवी वेगवेगळ्या भारतीय भाषांत आहेत, आजही वाजतं. सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही ते गाणं माहीत असतं. एवढं गाजूनही उतारवयात त्यांना आश्रमाचा आसरा घ्यावा लागला. त्या १९९२ला गेल्या. आत्मचरित्राला नाव दिलं होतं त्याच गाण्याचं.

चव्वेचाळीस वर्षांनी दुसरा पोलीस

१९८३. गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’. भाषा हिंदी, पण हाडं मराठी. मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे. शीर्षक आलं ते दिलीप चित्रे यांच्या कवितेतून. कॅमेराही निहलानींनी स्वतःच सांभाळला.

सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी. गणपतसारखाच सरळ. पण गणपतभोवतीचा कायदा स्वच्छ होता, घाण होती ती वस्तीत. वेलणकरचं उलट आहे. रामा शेट्टी नावाचा गुंड एक फोन फिरवतो आणि वेलणकरने पकडलेली माणसं सुटतात. वरचे साहेब गप्प. घरी बाप आहे, अमरीश पुरी, स्वतः पोलिसातला, ज्याने आयुष्यभर बायकोवर हात उचलला आणि पोराला जबरदस्तीने खाकीत घातलं. प्रेयसी ज्योत्स्ना, स्मिता पाटील, समजूतदार आहे, पण समजूतदार असल्यामुळेच दूर जाते. आतून पेटलेला वेलणकर एका भुरट्या चोराला कोठडीत मरेपर्यंत मारतो. आता नोकरी वाचवायला रामा शेट्टीच्याच दारात जायचं.

हा रामा शेट्टी म्हणजे सदाशिव अमरापूरकर. खरं नाव गणेशकुमार नरवोडे, जन्म ११ मे १९५०, नगर. आडनाव म्हणून जे लावलं ते शेवगाव तालुक्यातल्या अमरापूर या गावावरून. नाटकातला माणूस. ‘हॅण्ड्स अप’ या मराठी नाटकात निहलानींनी त्यांना पाहिलं आणि रामा शेट्टी सापडला.

तोवर हिंदीतला व्हिलन म्हणजे ओरडणारा, सोन्याच्या खुर्चीत बसणारा. अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज चढवतच नाही. घरातल्यासारखा बसलेला असतो, थंडपणे बघतो. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी असा माणूस कुणी पाहिला नाही? नगरपालिकेच्या निवडणुकीत फ्लेक्सवर हसणारा, लग्नाला आवर्जून येणारा आणि ज्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात तो. सिनेमातला शेट्टीही निवडणुकीलाच उभा राहतो. अमरापूरकरांना यासाठी सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार.

शेवटी शेट्टी वेलणकरला सांगतो, वाचवतो तुला, पण माझा माणूस हो. वेलणकर तिथेच त्याचा गळा दाबतो आणि चौकीत जाऊन स्वतःला हजर करतो.

१९३९ला मैनेने गणपतच्या हातून गुन्हा घडू दिला नव्हता. वेलणकरला अडवायला कुणीच उरलेलं नाही. इथे कुठली बाई पुरुषाला बरबाद करत नाही, ते काम यंत्रणा करते. न्वारमध्ये माणूस मोहाने पडतो, वेलणकर प्रामाणिकपणाने पडतो, आणि म्हणून ‘अर्धसत्य’ मला कितीतरी हॉलिवूडच्या न्वारपेक्षा जास्त काळा वाटतो.

मोडक १९९३ साली गेले. अमरापूरकर ३ नोव्हेंबर २०१४ला मुंबईत गेले, अंत्यसंस्कार नगरला झाले.

बघायचे असतील तर माझा सल्ला, तीन रात्री काढा. पहिल्या रात्री ‘माणूस’, दुसऱ्या रात्री ‘डबल इन्डेम्निटी’, तिसऱ्या रात्री ‘अर्धसत्य’. मोबाईलवर नको. खोलीतला दिवा बंद करून जरा मोठ्या पडद्यावर, कारण या सिनेमांतलं अर्धं काम पडद्याच्या काळ्या भागात चालतं आणि मोबाईलच्या काचेत तिथे आपलंच तोंड दिसतं.